कोलकात्यातला फोन: रोख, हप्ता आणि कुलूप

महालया तोंडावर आली की कोलकात्यातल्या फोनच्या दुकानांत उभे राहायला जागा मिळत नाही. दुर्गापूजेचा बोनस हातात पडलेला असतो, घरातल्या एकाला तरी नवा फोन हवा असतो, आणि चांदनी चौकापासून गडियाहाटपर्यंत दुकानांबाहेर हप्त्यांचे आकडे किमतीपेक्षा मोठ्या अक्षरांत लावलेले असतात. आत शिरल्यावर दुकानदार पहिल्यांदा विचारतो, ‘दादा, कॅश ना ईएमआय?’ तुमचे सिम एअरटेलचे आहे, जिओचे आहे की व्हीआयचे, याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांकडे हाच विषय निघाला की बोलणे निराळ्या ठिकाणी सुरू होते. तिथे बहुतेक लोक फोन मोबाइल कंपनीच्या दुकानातून घेतात, त्याचे पैसे दर महिन्याच्या बिलात फेडतात, आणि पैसे फिटेपर्यंत तो फोन सहसा त्याच कंपनीच्या सिमवर चालतो. स्वतःचा फोन घेऊन नुसते सिम घेणे हाही मार्ग तिथे आहे, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. आपल्याकडे तीच रीत आहे. फोन माझा, सिम पाहिजे ते, आवडले नाही तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची. या मोकळिकीची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तिची किंमत आपण धरत नाही. गेल्या काही वर्षांत मात्र हप्त्याच्या वाटेने फोनवर दुसरेच एक कुलूप आले आहे. त्याची किल्ली मोबाइल कंपनीकडे नाही, कर्ज देणाऱ्याकडे आहे. फोन घेणाऱ्याने आज खरा विचार करायचा तो या कुलपाचा.

फोन वेगळा आणि सिम वेगळे, ही रीत कशी पडली, हे सांगायला कोलकात्याइतकी योग्य जागा नाही, कारण भारतातला मोबाइल इथेच सुरू झाला. ३१ जुलै १९९५ रोजी मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी रायटर्स बिल्डिंगमधून दिल्लीच्या संचार भवनात केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना फोन लावला. जाळे मोदी टेल्स्ट्रा या कंपनीचे होते आणि फोन नोकियाचा. त्या काळी गर्दीच्या वेळचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैसे होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. त्या पहिल्या परवान्यांबरोबर सरकारने जीएसएम तंत्रज्ञान ठरवून दिले होते. जीएसएममध्ये ग्राहकाची ओळख फोनमध्ये नसते, ती सिममध्ये असते. सिम काढले की फोन कुणाचाही होऊ शकतो. कागदावर तांत्रिक वाटणाऱ्या या एका निर्णयाने भारतीय ग्राहकाचा पुढचा सगळा व्यवहार ठरवून टाकला.

दुसरे काम बाजाराने केले. धर्मतल्ल्याची मेट्रो गल्ली आणि गोदीजवळचे खिदिरपूरचे फॅन्सी मार्केट ही परदेशी वस्तूंची जुनी ठिकाणे. तिथे सिंगापूर-दुबईहून आलेले फोन बिलाशिवाय, वॉरंटीशिवाय, पण बरेच स्वस्त मिळत. त्या व्यापाराचे कायद्याच्या बाजूने समर्थन करता येणार नाही. पण फोन एकीकडून आणि सिम दुसरीकडून घ्यायचे, ही सवय मध्यमवर्गाच्या अंगी मुरली ती अशाच बाजारांमुळे.

मोबाइल कंपनीनेच फोन द्यावा, हा प्रयोग आपल्याकडे झाला नाही असे मात्र नाही. चांगला मोठा झाला. २००२ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या रिलायन्स इन्फोकॉमने जुलै २००३ मध्ये ‘मान्सून हंगामा’ योजना आणली. ५०१ रुपये भरा, फोन घेऊन जा, उरलेले पैसे बिलातून द्या. तंत्रज्ञान सीडीएमए होते. नंबर फोनमध्येच भरलेला असे, सुटे सिम नसे. कंपनी सोडायची म्हणजे फोनही सोडायचा. या योजनेने रिक्षावाल्यापासून भाजीवाल्यापर्यंत अनेकांच्या हातात पहिला फोन दिला, हे तिचे श्रेय कुणी नाकारू नये. पण बिले थकू लागली. ज्यांच्याकडे पगाराची पावती नाही, पक्का पत्ता नाही, अशा माणसांना तीन-तीन वर्षांच्या मासिक बिलात बांधणे अवघड आहे, हे त्या वसुलीने सगळ्या धंद्याला शिकवले. पुढे बाजार प्रीपेडकडेच गेला आणि तिथेच राहिला.

ऑगस्ट २००८ मध्ये एअरटेल आणि व्होडाफोन यांनी आयफोन थ्री-जी भारतात आणला, तेव्हा फरक उघडा पडला. अमेरिकेत तो दोन वर्षांच्या करारासह १९९ डॉलरना मिळत होता. आपल्याकडे ८ जीबीच्या फोनची किंमत ३१,००० रुपये होती. लोक कंपन्यांवर चिडले, पण १९९ डॉलर ही त्या फोनची किंमत कधीच नव्हती. उरलेले पैसे अमेरिकी ग्राहक चोवीस महिन्यांच्या बिलांतून भरत होता, आणि भारतात असे बिल भरणारा ग्राहकच फारसा नव्हता.

एप्रिल २०१२ मध्ये एअरटेलने देशातली पहिली फोर-जी सेवा कोलकात्यातच सुरू केली. तेव्हा त्या जाळ्यावर चालणारे फोन बाजारात जवळजवळ नव्हते, म्हणून डोंगल किंवा घरात ठेवायचे यंत्र कंपनीकडूनच घ्यावे लागे. जाळे आधी आले आणि फोन मागाहून, ही अडचण २०१६ मध्ये जिओलाही आली. तिच्यातूनच २०१७ चा जिओफोन आला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत, पण वर्षाला किमान १,५०० रुपयांचे रिचार्ज करण्याच्या अटीवर, आणि सिम जिओचेच. त्याला उत्तर म्हणून एअरटेलने कार्बन कंपनीचा २,८९९ रुपयांचा स्मार्टफोन आणला. ग्राहकाने छत्तीस महिने न चुकता १६९ रुपयांचे रिचार्ज केले तर त्यातले १,५०० रुपये दोन टप्प्यांत परत मिळणार होते. त्याच वर्षी एअरटेलच्या ऑनलाइन दुकानात आयफोन ७ सुरुवातीला ७,७७७ रुपये आणि मग २,४९९ रुपयांचे २४ हप्ते, पोस्टपेड प्लॅनसकट, असा मिळू लागला. बेरीज केली तर ती ६७,७५३ रुपये होते.

या साऱ्या योजनांत सगळ्यात शिकण्यासारखी योजना मला वाटते ती २०२१ च्या दिवाळीतल्या जिओफोन नेक्स्टची. रोखीने किंमत ६,४९९. हप्त्याने घ्यायचा तर आधी १,९९९ आणि प्रक्रिया शुल्क ५०१, म्हणजे २,५००. मग सगळ्यात लहान योजनेत २४ महिने ३०० रुपये, ज्यात महिन्याला ५ जीबी डेटा आणि १०० मिनिटे बोलणे. एकूण ९,७००. रोख किमतीपेक्षा ३,२०१ रुपये जास्त, म्हणजे डेटा आणि बोलण्याचे महिन्याला साधारण १३३ रुपये पडले. ज्याला फोन फक्त अधूनमधून लागतो त्याला हे महाग नाही. पण रोज दीड-दोन जीबी वापरणारा माणूस वरच्या योजनेत जातो. महिन्याला ५०० रुपयांची योजना २४ महिने घेतली तर एकूण १४,५०० होतात. एवढे देऊन हातात काय उरते? दोन जीबी रॅमचा फोन. दुसरे सिम त्यात बसते, पण मोबाइल डेटा जिओचाच वापरायचा. हप्ता चुकला तर फोन दुरून बंद करण्याची सोयही त्यात ठेवलेली होती.

मोबाइल कंपन्या हा उद्योग पुढे का नेत नाहीत, याचे कारण साध्या हिशेबात आहे. भारतात एका ग्राहकाकडून कंपनीला महिन्याला सरासरी २०० ते २५० रुपये मिळतात, आणि ग्राहकांतले बहुसंख्य प्रीपेडवाले. २०,००० रुपयांचा फोन अशा ग्राहकाला उधार दिला तर तो फिटायला त्याचे सगळे रिचार्ज सात-आठ वर्षे फोनच्याच खात्यात जमा करावे लागतील. शिवाय २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ग्राहकाला धरून ठेवायला कंपनीकडे ना बिल आहे, ना करार, ना नंबर. म्हणून फोन उधार देण्याचा धंदा त्यांनी सोडला. तो ज्यांनी उचलला त्या कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्या.

त्याआधी परदेशातल्या व्यवहाराबद्दल थोडे, कारण कोलकात्यातल्या अनेक घरांत फोन तिथूनच येतात. अमेरिकेत दोन वर्षांच्या कराराची पद्धत २०१३ मध्ये टी-मोबाइलने मोडली, बाकीच्या कंपन्याही मागाहून तिकडे वळल्या. आज फोनची किंमत वेगळी दाखवतात आणि ती अनेकदा ३६ महिन्यांत विभागून घेतात. ८०० डॉलरचा फोन ‘फुकट’ म्हणून देतात तेव्हा बिलात महिन्याला सुमारे २२ डॉलर लावतात आणि तितकेच सवलत म्हणून वजा करतात. अठरा महिन्यांनी कंपनी सोडली की सवलत थांबते आणि उरलेले ४०० डॉलर एकदम भरावे लागतात. असा हप्ते न फिटलेला फोन कुणी मावशीसाठी कोलकात्याला आणला तर त्यात इथले सिम सहसा चालत नाही. चांदनीत ‘अनलॉक करून देतो’ म्हणणारे भेटतात, पण तो फोन खरोखर मोकळा करू शकते ती त्याची मूळ कंपनीच, आणि तीही सहसा पैसे फिटल्यावर. दुसरी गोष्ट त्याहून साधी, तरी लोक तिथे फसतात. अमेरिकेत विकलेल्या आयफोन १४ पासून पुढच्या फोनांना सिमची खाचच नाही, फक्त ई-सिम चालते. मावशीचे जुने सिम आधी ई-सिममध्ये बदलून घ्यावे लागते, आणि तिला पुढे फोन बदलताना नुसते सिम काढून दुसऱ्यात घालता येत नाही. कॅनडाने डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना सिमबंद फोन विकायला मनाई केली. टोरांटो किंवा लंडनहून येणाऱ्या नव्या फोनची काळजी त्यामुळे कमी.

आता आपल्या दुकानाकडे वळू. टेबलाशेजारी गळ्यात ओळखपत्र घातलेली दोन-तीन मुले बसलेली असतात. ती दुकानाची नसतात, वित्त कंपन्यांची असतात. बजाज फायनान्स, होम क्रेडिट, टीव्हीएस क्रेडिट, सॅमसंगच्या फोनांसाठी डीएमआय फायनान्स, अशी नावे कोलकात्यातल्या फोन घेणाऱ्यांना आता पाठ आहेत. आधार, पॅन, बँक खाते, एक सेल्फी, खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, आणि पाऊण तासात फोन हातात. पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाजने टीव्ही-फ्रिजसाठी बसवलेली ही घडी फोनला अगदी चपखल बसली.

इथे ‘नो कॉस्ट ईएमआय’ ही पाटी नीट वाचायला हवी. फुकट कर्ज कुणी देत नाही. व्याज फोन बनवणारी कंपनी सोसते, दुकानदार सोसतो, किंवा तुम्हाला मिळाली असती ती रोखीची सूट त्यात जाते. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, आणि शुल्काच्या आड व्याज लपवू नका. एक हिशेब मांडतो. फोनची छापील किंमत २४,०००. रोख दिले तर दुकानदार १,२०० सोडतो, म्हणजे २२,८००. हप्त्याने घेतला तर ४,००० चे सहा हप्ते आणि २०० रुपये प्रक्रिया शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून २३६. म्हणजे २२,५६४ रुपयांच्या मोबदल्यात सहा महिन्यांत २४,००० भरले. जादा गेले १,४३६. आकडा लहान दिसतो, पण मुद्दल दर महिन्याला उतरत असते हे धरले तर हा व्याजदर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ जातो. क्रेडिट कार्डावर हप्ते पाडले तर व्याजावरही जीएसटी लागतो. वित्त कंपनीच्या कर्जाच्या व्याजाला तो लागत नाही. आणि दुकानदाराने रोखीची सूट खरोखरच दिली नाही, किंमत दोन्हीकडे एकच आहे, शुल्कही नाही, तर हप्ता घेण्यात काहीच वावगे नाही. मग पैसे आपल्या खात्यात राहू द्यावेत. म्हणून दुकानात विचारायचे ते एवढेच: ‘आत्ता सगळे रोख देतो, शेवटची किंमत काय?’ उत्तर मिळेपर्यंत हप्त्याचा विषय काढूच नये. हप्त्याचे गिऱ्हाईक आहे असे कळले की सूट कुठेतरी विरून जाते.

कर्जाची खरी किंमत सांगण्यासाठी आता एक कागद आहे आणि तो मागण्याचा हक्क आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून वैयक्तिक कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेने सही घेण्याआधी मुख्य माहितीचे पत्रक, म्हणजे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, द्यायला हवे. त्यात सगळी शुल्के धरून वार्षिक दर लिहिलेला असतो, आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असायला हवे. डिजिटल कर्जांना हा नियम आधीपासूनच लागू होता, आणि तो कागदापुरता नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे पत्रक न दिल्याबद्दल बजाज फायनान्सची दोन प्रकारची कर्जे थांबवली होती आणि त्रुटी दूर झाल्यावर मे २०२४ मध्ये बंदी उठवली. डिजिटल कर्ज मागे घेण्यासाठी किमान एक दिवसाची मुदत असते, हेही दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. घाईत जोडलेला विमा, वाढीव वॉरंटी, कुठल्याशा ॲपचे सदस्यत्व हे सगळे मुद्दलात मिळवलेले असते. पत्रकावर नजर टाकली की ते लगेच दिसते.

कोलकात्यात बहूबाजार आणि बडाबाजारात सोन्या-चांदीच्या गलाईचे काम करणारी सांगली-साताऱ्याकडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. विटा, खानापूर, आटपाडी ही गावे इथल्या सोनारपट्टीला परकी नाहीत. या कामाला येणाऱ्या मुलांच्या फोनखरेदीत एक गोष्ट मला फार खटकते. गावाहून आलेल्या पोराचे आधार सांगली जिल्ह्यातले, पगार रोखीत, बँक खात्यात जमा फारशी नाही, कर्जाचा इतिहास शून्य. वित्त कंपनीचा मुलगा नकार देतो. मग भट्टीचा मालक किंवा मामा आपल्या नावावर कर्ज काढून देतो आणि पोरगा त्याला दर महिन्याला पैसे देतो. प्रेमाने केलेला व्यवहार असतो, पण कागदावर कर्जदार मामा. पोरगा दिवाळीला गावी गेला आणि परत आलाच नाही, तर चुकलेला हप्ता मामाच्या सिबिलवर, म्हणजे पतनोंदीवर, चढतो आणि त्याच्या घरकर्जाच्या वेळी समोर येतो. उलट पोराने चोवीस महिने नेमाने पैसे दिले तरी त्याच्या स्वतःच्या नावावर पत तयार होत नाही. पुढच्या वेळीही तो मामाकडेच येतो. अशा मुलाला मी सांगेन की आधी स्वतःच्या खात्यात पगार घ्यायला लाग, सहा महिने थांब, आणि तोवर आठ-नऊ हजारांचा फोन रोखीने घे.

घाईचे कारण खरे असते असाही एक वर्ग आहे. स्विगी-झोमॅटोचा पोऱ्या, ॲपवर टॅक्सी किंवा बाइक चालवणारा, यांचा फोन बंद पडला की त्याच दिवसापासून कमाई बंद. त्याला ‘पैसे साठव, मग घे’ असे सांगणे निष्ठुरपणाचे आहे. बारा हजारांच्या फोनला सहा महिन्यांत वर्षाला वीस-बावीस टक्के दर लागला तर जादा साधारण सातशे-आठशे रुपये जातात. तेवढे दोन दिवसांत भरून निघत असतील तर हप्ता घ्यावा. फक्त सहा महिन्यांचाच घ्यावा, अठरा महिन्यांचा नको. स्वस्त फोनची बॅटरी, पडदा आणि सुरक्षेचे अपडेट दोन-तीन वर्षांत थकतात. अठरा-चोवीस महिन्यांचा हप्ता संपतो तेव्हा फोनही संपत आलेला असतो आणि दुसरे कर्ज दारात उभे असते. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले आहे. महाग फोन लांब मुदतीत घेणाऱ्याला निदान तेवढा आधार आहे, स्वस्तवाल्याला तो सहसा नाही. गरिबाला लांब हप्ता परवडतो असे वाटते, आणि नुकसान त्याचेच जास्त होते.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत पश्चिम बंगाल सरकारने वेगळी वाट धरली. करोनाच्या काळात वर्ग ऑनलाइन गेले तेव्हा बारावीच्या मुलांना टॅब द्यायचे ठरले होते. इतके टॅब वेळेत मिळेनात, म्हणून मुलांच्या खात्यात १०,००० रुपये जमा करण्यात आले. पुढे ‘तरुणेर स्वप्न’ नावाने ही योजना चालू राहिली. २०२४ मध्ये काही मुलांचे पैसे भलत्याच खात्यांत गेल्याचे उघड झाले, तपास झाला, अटका झाल्या. तरीही रोख रक्कम देण्याची कल्पना मला सरकारी टॅबपेक्षा शहाणपणाची वाटते. मूल फोन स्वतः निवडते, सिम स्वतः निवडते, आणि कुणाचे देणे लागत नाही.

आता कुलपाकडे येतो. हप्त्यावर घेतलेल्या अनेक फोनांत दुकानातच एक ॲप बसवले जाते, किंवा ती सोय फोनच्या प्रणालीतच असते. सॅमसंगकडे नॉक्स गार्ड आहे, अँड्रॉइडमध्ये डिव्हाइस लॉक कंट्रोलर आहे. फोनचा आयएमईआय नंबर कर्ज देणाऱ्याच्या यादीत चढतो. हप्ता चुकला की आधी सूचना येतात, मग पडद्यावरचे चित्र बदलते, आणि शेवटी आणीबाणीचा कॉल सोडून फोन बंद. फॅक्टरी रीसेट करूनही हे कुलूप जात नाही. २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने वित्त कंपन्यांना असे फोन बंद करणे थांबवायला सांगितल्याच्या बातम्या आल्या. २०२५ मध्ये पुन्हा, योग्य अटींवर परवानगी द्यावी का, याचा विचार सुरू असल्याचे बँकेने सांगितले. कर्ज देणाऱ्यांची बाजू खोटी नाही. एक लाखाखालची छोटी कर्जे बुडण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि पंधरा हजारांच्या वसुलीसाठी कोर्टात जाणे कुणालाच परवडत नाही. कुलूप नसेल तर पत नसलेल्याला कर्जच मिळणार नाही, असे ते म्हणतात.

तरीही या कुलपाला माझा विरोध आहे. टीव्ही बंद केला तर मनोरंजन थांबते. फोन बंद केला तर यूपीआय, बँकेचे ओटीपी, रेशनचे संदेश, आजारी आईचा फोन आणि रोजची कमाई सगळे एकदम थांबते. डिलिव्हरीच्या पोऱ्याचा फोन बंद करून त्याच्याकडून हप्ता कसा वसूल होणार? ज्या साधनाने तो पैसे मिळवतो तेच काढून घेतले. परवानगी द्यायचीच असेल तर चुकल्याची लेखी सूचना, पुरेशी मुदत, कॉल, बँकिंग आणि कामाची ॲपे चालू ठेवण्याची सक्ती, कर्जदाराच्या फोटो-संपर्कांना हात न लावण्याची हमी, आणि पैसे भरल्यावर ठराविक तासांत कुलूप काढले नाही तर कंपनीला दंड, एवढे तरी नियमात असायला हवे. मोबाइल कंपनीच्या कुलपातून आपण सुटलो ते तंत्रज्ञान आणि स्पर्धा यांच्या जोरावर. या कुलपातून कुठलीच स्पर्धा सोडवणार नाही, कारण इथे गिऱ्हाईकाकडे दुसरीकडे जायला जागा नसते.

जुन्या फोनच्या बाजारालाही या कुलपाची झळ लागते. हप्ते थकलेला माणूस फोन चांदनीत विकून मोकळा होतो, आणि दोन महिन्यांनी तो बंद पडतो तो विकत घेणाऱ्याच्या हातात. जुना फोन हा रोखीवाल्यासाठी चांगला मार्ग आहे. एक-दोन वर्षे वापरलेला वरच्या दर्जाचा फोन नव्या स्वस्त फोनपेक्षा पुष्कळदा जास्त टिकतो. पण घेताना स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबून आयएमईआय काढावा. केवायएम लिहून मोकळी जागा सोडून तो नंबर १४४२२ वर पाठवला, किंवा सरकारच्या संचार साथी या संकेतस्थळावर टाकला, तर फोन चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का हे कळते. हप्ता थकला आहे का, हे तिथे कळत नाही. त्यासाठी मूळ बिल मागावे, आणि बिलावर वित्त कंपनीचे नाव असेल तर कर्ज फिटल्याचे पत्र. ते नसेल तर किंमत कितीही गोड असली तरी दुकानातून बाहेर यावे.

शेवटचा हप्ता भरला म्हणजे सगळे मिटले, असे बहुतेकांना वाटते. तसे होत नाही. कर्ज फिटल्याचे पत्र कंपनीकडून मागून घ्यावे लागते. खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी बँकेत जाऊन किंवा बँकेच्या ॲपवर रद्द करावी, नाहीतर तोच मार्ग पुढच्या कर्जासाठी तयार राहतो. फोनच्या सेटिंगमध्ये डिव्हाइस ॲडमिन ॲपांच्या यादीत कर्जवाल्याचे ॲप अजून आहे का ते पाहावे, आणि असेल तर काढून टाकायला लावावे. पतनोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्या, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, वर्षातून एक पूर्ण अहवाल मोफत देतात. कर्ज बंद झाल्यावर महिन्याभराने त्यातला एक काढून ते खाते ‘बंद’ असे नोंदले गेले आहे का हे तपासावे. नसेल तर आधी कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्या तक्रारीला फी लागत नाही.